मावळच्या खाचरांत जनुकबदल

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कापूस होत नाही. आणि शेतकऱ्याला कायदेशीररीत्या विकत मिळणारे जनुकबदल केलेले बियाणे आपल्या देशात कापसाचेच आहे. मग इथल्या वाचकासाठी जनुकबदल पिकांवर पुस्तिका काढायचे कारण काय, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो.

उत्तर भातात आहे. ४ मे २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. एक ‘कमला’, म्हणजे डीआरआर धान १००. ते हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरीपासून घडवले. दुसरे ‘पुसा डीएसटी राइस १’, दिल्लीच्या पुसा संस्थेचे. दोन्हींमध्ये बाहेरच्या जिवाचा जनुक घातलेला नाही. भाताच्याच जनुकांत नेमक्या जागी काटछाट केलेली आहे. याला जनुक संपादन म्हणतात. अशा काटछाटीच्या वाणांना केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्येच जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली होती. त्यामुळे जनुकबदल केलेल्या बीटी वांग्यावर झाली तशी जाहीर सुनावणी या भातावर झाली नाही. कमलाचे उत्पादन मूळ वाणापेक्षा एकोणीस टक्के जास्त आणि पीक वीस दिवस आधी तयार, असा संस्थेचा दावा आहे. चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेणारेही लगेच पुढे आले. हा वाद मिटायचा तेव्हा मिटेल, पण भात हेच मुख्य पीक असलेल्या मुलखाला आता हा विषय वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

हा मुलूख म्हणजे बारा मावळांपैकी काही. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, कानंद खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली असतात. इथे ती अजून पत्ता सांगायला वापरतात. वेल्हे तालुका सरकारी कागदावर आता राजगड झाला आहे, लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच. घाटमाथ्याच्या कडेला पाऊस असा कोसळतो की महिना महिना ऊन दिसत नाही, आणि पूर्वेला नसरापूर, कापूरहोळ, किकवीकडे आले की तोच पाऊस कमी पडला म्हणून माणसे आभाळाकडे बघत बसतात. उतारावर नाचणी आणि वरई, खालच्या खाचरांत भात, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर. खाचरे गुंठ्यांत मोजावीत इतकी लहान. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या आगेमागे रोपे टाकायची, आषाढात चिखलणी आणि लावणी, मग बेणणी. माणसे कमी पडली की सावड करायची. हल्ली तीही जमत नाही, कारण सावडीला यायची ती पोरे शिरवळच्या नाहीतर पुण्याच्या कारखान्यांत पाळीवर असतात.

या खाचरांत आज सगळ्यात जास्त मान आहे तो इंद्रायणीला. पुण्यातला ग्राहक ‘भोरकडचा इंद्रायणी आहे का’ असे विचारून घेतो. आमच्याकडचा, गावरान, देशी अशी विशेषणे त्याला सर्रास लागतात. प्रत्यक्षात इंद्रायणी हे विद्यापीठाचे वाण आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने ते १९८७ मध्ये दिले. त्याची आई आंबेमोहोर १५७ आणि बाप आयआर ८. हा आयआर ८ फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केला. तैवानचे एक बुटके भात आणि इंडोनेशियातले ‘पेटा’ यांच्या संकरातून तो निघाला. पेटाचीही एक बाजू चीनची आणि दुसरी बंगालची, ‘लतिसाइल’ नावाच्या भाताची. म्हणजे आपल्या ताटातल्या गावरान भातात तैवान, जावा, चीन, बंगाल आणि मावळ एवढे मुलूख नांदत आहेत. उंच वाढून लोळणाऱ्या आंबेमोहोराला बुटकेपणा मिळाला तो तैवानहून. वास राहिला, उतारा वाढला, लोळणे कमी झाले.

वंशावळ एवढी लांबवली, कारण जनुकबदलाच्या चर्चेत ‘बाहेरून आलेले’ हा शब्द फार लवकर शिवीसारखा वापरला जातो. इंद्रायणी बाहेरून आले, तरी चाळीस वर्षांत ते कोणाला परके वाटले नाही. याची कारणे साधी आहेत. ते सरळ वाण आहे, संकरित नाही. भात स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे भेसळीच्या लोंब्या उपटून टाकल्या की घरचे बियाणे दोन-तीन हंगाम बिनघोर चालते. ते सरकारी विद्यापीठाचे आहे, त्यावर कोणाची रॉयल्टी नाही. आणि ते जिथे लावायचे होते त्याच हवेत, त्याच पावसात वाढवून निवडलेले आहे. जनुक कुठून आला याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. बियाणे कोणाच्या हातात राहते, ते कोणत्या शेतासाठी घडवले आहे आणि ते फसले तर नुकसान कोण भरतो, हे तीन प्रश्न आधीचे. पुढची सगळी पुस्तिका या तीन प्रश्नांनी बांधलेली आहे. समर्थकांना ती विरोधी वाटेल आणि विरोधकांना समर्थकांची, याची मला कल्पना आहे.

आता थोडे शास्त्र, तेही जेवढ्यास तेवढे. संकरात दोन वाणांचे हजारो जनुक एकत्र मिसळतात आणि त्यातून हवी ती झाडे निवडायला आठ-दहा वर्षे जातात. जनुकबदलात एखादा ठरावीक जनुक, बहुधा दुसऱ्याच जिवाचा, पिकात घातला जातो. बीटी कापसातला जनुक मातीतल्या ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचा. त्याच्यामुळे झाडाच्या पानाबोंडांत एक प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यात आम्ल नसते, उलट क्षार असतो; तिथे ते प्रथिन विरघळते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात ते पचून जाते आणि ते चिकटायला लागणारी जागाही आपल्या आतड्यात नसते. बीटी खाल्ल्याने माणूस मरतो ही भीती त्यामुळे निराधार आहे. गावोगावच्या भाषणांत ती अजून ऐकू येते, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. अशा पिकांना परवानगी देणारी केंद्रीय समिती १९८९ च्या नियमांखाली काम करते आणि ते नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले आहेत. तिसरा प्रकार जनुक संपादनाचा, तो वर आलाच.

महाराष्ट्राला या विषयाचा खरा अनुभव मिळाला तो कापसात, आणि तो भातवाल्यांनी नीट वाचला पाहिजे. २६ मार्च २००२ रोजी महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली. महिको ही जालन्याची कंपनी. बद्रीनारायण बारवाले यांनी ती १९६४ मध्ये काढली आणि त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परवानगीच्या आधीच, २००१ मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाने विनापरवाना बीटी कापूस शेतांत उभा असल्याचे उघडकीला आले होते. शेतकऱ्याला बोंडअळीचा इतका जाच होता की त्याने कागदाची वाट पाहिली नाही. नंतरच्या दहा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली गेले. इतक्या वेगाने पसरलेले तंत्र नुसत्या जाहिरातीवर पसरत नाही. त्याने काहीतरी दिले होते. काठेगे आणि कैम या अभ्यासकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या २००२ ते २००८ या काळातल्या माहितीवरून असे काढले की बीटीमुळे एकरी उत्पादन चोवीस टक्क्यांनी आणि कापसाचा नफा पन्नास टक्क्यांनी वाढला.

पण देशाची सरासरी पाहिली की चित्र बदलते. शतकाच्या सुरुवातीला हेक्टरी तीनशे किलोच्या आतबाहेर असलेली रुई २००७-०८ पर्यंत साडेपाचशेच्या घरात गेली, नंतर बरीच वर्षे तिथेच घुटमळली आणि पुन्हा साडेचारशेकडे उतरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्याबरोबर २०२० मध्ये मांडले की वाढीतला मोठा वाटा खतांचा, सिंचनाचा आणि नव्या कीटकनाशकांचा होता. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा अभ्यास खिशात घेऊन फिरतात. मला दोन्ही अभ्यास खरे वाटतात. पहिली काही वर्षे अळी मेली आणि पैसा हाती आला, पुढे अळी शिकली.

ती कशी शिकली, यात आपल्यासाठी धडा आहे. बीटी पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी यायची, १२० ग्रॅमची. शेताच्या कडेने ते बियाणे लावायचे. त्यावर जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग, बीटी पचवलेल्या एखाददुसऱ्या पतंगाशी जुळून पुढची पिढी साधीच ठेवायचे, अशी ती योजना. दोन एकरवाल्याने आपल्याच जमिनीचा तुकडा अळीला खायला का द्यावा? पुडी बांधावर फेकली गेली. त्यात भारतात बीटी आले ते फक्त संकरित वाणांत, आणि त्यांतली बरीच लांब मुदतीची. पाणी असेल तर शेतकरी फरदड घेतो, कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभा राहतो, आणि कापसावाचून फारसे काही न खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीची वर्षभराची सोय होते. गुजरातेत तिने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडले, मग २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे हातात घेतली की आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी कमी करायला आलेल्या पिकाच्या शेतात हे घडले.

अमेरिकेत हीच अळी होती आणि हाच जनुक होता. तिथे बीटी कापूस, वंध्य केलेले पतंग आणि ठरल्या वेळी पीक काढून टाकण्याची शिस्त एकत्र राबवली गेली आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे सरकारने जाहीर केले. जनुकाचा दोष काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याची आरती ओवाळणाऱ्यांनीही घ्यावे, कारण ती शिस्त राबवायला तिथे मोठी शेते, एकत्र निर्णय आणि पैसा होता. ते आपल्याकडे नाही हे बियाणे विकणाऱ्यांना २००२ मध्येही माहीत होते.

बियाणे कोणाच्या हातात, हा प्रश्न इथे उघडा पडतो. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणांत गेला, आपल्याकडे फक्त संकरितात, म्हणजे दरवर्षी पाकीट विकत. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते आणि त्यातली मोठी रक्कम तंत्रज्ञानाच्या शुल्काची. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले तेव्हा किंमत साडेसातशेवर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदाच केला. सरकारी संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी आणले होते. शेतकऱ्याला ते घरी राखता आले असते. पण त्यात मोन्सँटोचाच जनुक आढळला आणि २००९ अखेर ते मागे घ्यावे लागले. त्या एका फजितीने शेतकऱ्याचे जे नुकसान झाले त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. २०१७ च्या बोंडअळीनंतर भरपाई जाहीर झाली ती आपत्ती निधी, पीक विमा आणि बियाणे कंपन्या अशा तीन वाटांनी. जाहीर होणे आणि हातात पडणे यांतले अंतर शेतकऱ्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

उलटे उदाहरण जवळच्याच देशातले आहे, पण त्याची सुरुवात आपल्याकडची. जालन्यातच तयार झालेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपुरात, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. ती आजही कायम आहे. वांगे मुळात याच भूमीतले, त्याचे शेकडो प्रकार इथे. मांजरी गोटा काय किंवा कृष्णाकाठची वांगी काय. तेव्हा घाई नको, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला होता आणि आजही काही प्रमाणात पटतो. पण स्थगितीनंतर जे अभ्यास व्हायचे होते ते झाले नाहीत आणि निर्णय नुसता पडून राहिला. तोच जनुक बांगलादेशाने आपल्या सरकारी संस्थेमार्फत चार स्थानिक वाणांत घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी, जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांच्या हातात रोपे. वाणे सरळ, बियाणे घरी राखायला मोकळीक. पुढच्या पाहणीत कीटकनाशकाचा खर्च जवळपास निम्म्याने उतरल्याचे दिसले. किकवी-नसरापूरच्या बाजूला वांगी घेणाऱ्याला हे सांगितले तर तो विचारील, आम्हाला का नाही? शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी दोन-चार दिवसांआड पंप पाठीला लावणाऱ्या माणसाला ‘निसर्गाशी खेळ नको’ हे वाक्य ऐकवण्याचा अधिकार पुण्यात बसून वांगी खाणाऱ्याला नाही.

आफ्रिकेत बुर्किना फासो या छोट्या देशाने २००८ मध्ये बीटी कापूस मोठ्या प्रमाणावर घेतला. अळी मेली, उत्पादन वाढले, पण धागा आखूड झाला. त्यांच्या कापसाची बाजारातली किंमत लांब धाग्यावर होती, म्हणून २०१६ पासून त्यांनी तो सोडून दिला. पिकाचा एक गुण सुधारताना ज्या गुणावर पोट आहे तो गेला तर काय, हे या उदाहरणातून कळते.

आपले पोट वासावर आहे. भोर-वेल्ह्याच्या भाताचा उतारा पंजाबच्या किंवा आंध्रच्या जवळपास जात नाही आणि जाणारही नाही. इथला शेतकरी चार पैसे जास्त मिळवतो ते वासाचे आणि मऊपणाचे. आणि माझ्या मते जनुकशास्त्राचा आपल्याला सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. त्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. बहुतेक सुवासिक भातांचा वास एका बिघडलेल्या जनुकामुळे असतो. बीएडीएच २ नावाचा हा जनुक धड असेल तर वासाचे द्रव्य साठत नाही. तो निसर्गात कधीतरी मोडला आणि कोणा शेतकऱ्याच्या नाकाने ती लोंबी हेरली. हाच जनुक प्रयोगशाळेत हवा तसा मोडता येतो. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये तो मोडून बिनवासाच्या भाताला वास आणूनही दाखवला. म्हणजे उद्या भरघोस उताऱ्याच्या, सपाट जमिनीवरच्या, यंत्राने लावलेल्या भातालाही वास येईल. आजच पुण्याच्या दुकानांत आंबेमोहोर म्हणून आंध्रकडचा जिरेशंकर खपवला जातो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आंबेमोहोरासाठी भौगोलिक मानांकन मिळवले, ते याच कारणाने शहाणपणाचे होते. बियाण्यात विष असेल का याची चिंता करत बसण्यापेक्षा, आपला वास दुसऱ्याच्या पोत्यात गेला तर आपल्याकडे काय उरेल, याची चिंता इथे व्हायला हवी.

याला दुसरी बाजूही आहे. हेच तंत्र वापरून कोणी आंबेमोहोराचा वास तसाच ठेवून त्याची उंची कमी केली किंवा करप्याला दाद न देणारा इंद्रायणी काढला, तर तो हवा आहे. तसे काम वडगाव मावळला व्हावे, करप्याच्या पावसात, इथल्याच खाचरांत. आजवर जाहीर झालेली संपादित वाणे सांबा मसुरी आणि एमटीयू १०१० यांच्यावर बेतलेली आहेत, म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या भातपट्ट्यांच्या वाणांवर. संशोधन बाजाराच्या मागे जाते. नाचणी आणि वरईकडे पाहायला कोणाला वेळ नाही हे त्याच कारणाने.

तणनाशक सहन करणाऱ्या पिकांचेही तेच. विदर्भात असा कापूस, लोक त्याला एचटीबीटी म्हणतात, परवानगी नसताना चोरून विकला जातो. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून कायदेभंग केला. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची जी मागणी केली होती तिची ती पुढची पायरी. निंदणीची मजुरी परवडत नाही हे संघटनेचे म्हणणे खोटे नाही. इथेही बेणणीला माणूस मिळत नाही. पण भातात अशी वाणे मुख्यतः पेरभातासाठी आहेत, पंजाब-हरियाणासाठी. पुसा संस्थेने तणनाशक सहन करणारी दोन बासमती वाणे दिली आहेत, तीही जनुकबदल न करता, साध्या उत्परिवर्तनातून. आपल्याकडे खाचरात पाणी उभे असते, तेच निम्मे तण दाबते. आणि बांधावर तूर असते, कुर्डूची भाजी असते, तणनाशकाचा फवारा तिथेही जातो. शिवाय ओढ्याकाठच्या रानभाताशी लागवडीच्या भाताचा संकर होऊ शकतो. तणनाशकाला न जुमानणारा गुण रानभातात गेला तर तो परत काढता येत नाही.

फसल्यावर भरायचे कोणी, याचा एक दाखला भातातलाच देतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या साध्या तांदळात बायरच्या जनुकबदल भाताचा अंश सापडला. तो माणसाला घातक होता असे काही सिद्ध झाले नाही. पण युरोपने दारे लावली, भाव कोसळले, शेतकरी न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये कंपनीने पंचाहत्तर कोटी डॉलरची तडजोड केली. हेच आपल्याकडे झाले, पुण्यातल्या ग्राहकाचा इंद्रायणीवरचा विश्वास उडाला, तर हिरडस मावळातला पंधरा गुंठेवाला कोणत्या न्यायालयात जाईल?

हा मुलूख दुसऱ्याच्या फायद्यासाठी किंमत मोजायला नवा नाही. भाटघर धरणाची भिंत १९२८ मध्ये पुरी झाली, पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूर-फलटणला गेले. पानशेतचे पाणी पुण्याला. दोन्हीकडे वरच्या खोऱ्यातल्या माणसाने जमीन दिली आणि तो डोंगराच्या कुशीत आणखी वर सरकला. नव्या बियाण्याची गोष्ट आली की इथला म्हातारा माणूस आधी ‘यात आपलं काय’ असे विचारतो, ते अडाणीपणाने नव्हे.

कायद्याने शेतकऱ्याला काही दिलेही आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी कोणतेही बियाणे राखू, पेरू, बदलू आणि बिगर-ब्रँड विकू शकतो, ते संरक्षित वाणाचे असले तरी. शेतकऱ्याने जपलेले वाण त्याच्या नावाने नोंदवताही येते आणि त्याला शुल्क नाही. नोंद नसली की काय होते ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याबाबत दिसले. शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून त्यांनी एचएमटी तांदूळ तयार केला, लाखो एकरांवर तो पसरला, पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केले. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले, गरिबीतच. प्रयोगशाळा न लागता जनुकांची निवड करणारा तो शास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या हाती त्यातले काही राहिले नाही.

पुस्तिकेची पुढची प्रकरणे कापसाचा इतिहास, भातावरचे संशोधन, कायदा आणि बियाण्याची घरगुती निवड या क्रमाने आहेत. ज्याला वेळ कमी आहे त्याने शेवटचे आधी वाचावे. जनुकबदलाला सरसकट बंदी असावी असे मला वाटत नाही. पण सरळ वाण, सरकारी संस्था, याच हवामानातली निदान तीन हंगामांची चाचणी, पोत्यावर स्पष्ट नोंद आणि नुकसानीची लेखी हमी, यांतले काहीही नसेल तर ते बियाणे मावळात उतरू देऊ नये, असे माझे मत आहे.

तोवर वाचकांना विनंती एवढीच. यंदा भात कापायच्या आधी खाचराच्या मधल्या भागातल्या चांगल्या लोंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढा. गावात कोणाकडे रायभोग किंवा जुना आंबेमोहोर अजून असेल तर त्याचे नाव ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या आणि नोंदणीचा अर्ज करा. आणि बियाणे विकत घेतलेच, तर पक्की पावती, रिकामे पाकीट, त्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. तालुक्याच्या तक्रार समितीपुढे यांच्याशिवाय तुमची बाजू उभी राहत नाही.